विद्यापीठाचें कॅलेंडर कोणाच्या हातीं?

इंग्लंडच्या उत्तरेस पूर्वीं नॉर्थंब्रिया नांवाचें एक राज्य होतें. सातव्या शतकांत तेथें ऑस्विउ नांवाचा राजा राज्य करीत असतां त्याच्या वाड्यांत एक चमत्कारिक प्रकार घडत असे. राजा आयरिश परंपरेच्या गणनेप्रमाणें ईस्टरचा सण पाळी. राणी केंट प्रांतांत वाढलेली असल्यामुळें ती रोमच्या गणनेप्रमाणें पाळी. त्यामुळें कांहीं वर्षीं राजाचा उपवासकाळ संपून तो सणाच्या भोजनास बसला, तरी राणी व तिची मंडळी अद्याप उपवास करीत झावळ्यांचा रविवार पाळीत असत. एका छपराखालीं दोन कॅलेंडरें! शेवटीं इ. स. ६६४ मध्यें व्हिटबी येथें धर्मसभा भरवून राजानें हा वाद मिटविला. ही हकीकत आपणांस बीड नांवाच्या एका विद्वान् मठवाशाच्या इतिहासावरून कळते. याच बीडनें ७२५ सालीं कालगणनेवर एक मोठा ग्रंथ लिहिला, आणि ख्रिस्ती सन लिहिण्याची चाल युरोपांत फैलावण्यास त्याच्या ग्रंथांचें मोठें साहाय्य झालें.

सुमारें तेराशें वर्षांनंतर या बीडचें नांव अगदीं निराळ्या ठिकाणीं पुन्हा निघालें. अमेरिकेंत विद्यापीठांच्या उपयोगाकरितां जें मुक्तस्रोत कॅलेंडर सॉफ्टवेअर तयार झालें, त्यास त्याच्या कर्त्यांनीं ‘बीडवर्क’ असें नांव दिलें. नांव योग्य पडलें असें आम्हांस वाटतें. राजवाड्यांतला तो घोटाळा आजच्या विद्यापीठांत रोज होतो, आणि तेथें धर्मसभा भरविण्यास कोणास सवड नसते.

परीक्षा विभाग आपल्या तारखा ठेवितो, ग्रंथालय आपल्या, वसतिगृह आपल्या. प्रत्येक विषयाचीं व्याख्यानें वेगळीं, मैदानाची नोंदवही वेगळी, आणि सभागृह कोणास केव्हां दिलें आहे हें बहुधा एकाच कारकुनाच्या डोक्यांत. त्यांत प्राध्यापकांच्या हातांतील फोनमधलें कॅलेंडर आणखी निराळें. एखाद्या व्याख्यानाची वेळ बदलली कीं ती सात ठिकाणीं बदलावी लागते. ती पांच ठिकाणीं बदलते, आणि उरलेल्या दोन ठिकाणच्या तारखेवर भरंवसा ठेवून आलेला विद्यार्थी बंद दारापुढें उभा राहतो. असा विद्यार्थी आम्हीं पाहिला आहे. फार काय, कॉलेजांत असतां एकदां आम्हीच तो विद्यार्थी होतों.

यावर जो उपाय योजण्यांत आला, त्यास दोन विशेषणें लावितात: मुक्तस्रोत आणि प्रमाणाधिष्ठित. पुष्कळ सुशिक्षित माणसें या दोहोंचा अर्थ एकच समजतात. मुक्तस्रोत म्हणजे ज्या सॉफ्टवेअरचा मूळ लेख कोणासहि वाचतां, दुरुस्त करितां व पुन्हा वांटतां येतो तें. प्रमाणाधिष्ठित म्हणजे ज्याची माहिती सर्वांनीं मिळून ठरविलेल्या व उघड प्रसिद्ध केलेल्या नियमांनीं लिहिलेली असते तें. पहिलें सॉफ्टवेअरविषयीं आहे, दुसरें त्यांत सांठविलेल्या मजकुराविषयीं. दोन्ही असावींत हें उत्तम. परंतु एकच निवडण्याचा प्रसंग आला तर प्रमाण निवडावें, असें आमचें स्पष्ट मत आहे, आणि तें कां, हें पुढील हकीकतीवरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

पूर्वीं आपल्या देशांत शेर हें माप गांवोगांव निराळें असे. कॅलेंडरच्या सॉफ्टवेअरचीहि आरंभीं तीच गत होती; एका कंपनीचें कॅलेंडर दुसरीस वाचतां येत नसे. १९९६ सालीं कांहीं मोठ्या कंपन्यांच्या एका मंडळानें व्ही-कॅलेंडर नांवाचा सामाईक नमुना काढिला. त्याच्याच पायावर इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स या मंडळानें नोव्हेंबर १९९८ मध्यें ‘आयकॅलेंडर’ हें प्रमाण २४४५ क्रमांकाच्या पत्रकांत प्रसिद्ध केलें. दहा-अकरा वर्षांच्या अनुभवानें त्यांत जें कमीजास्त आढळलें तें सुधारून सप्टेंबर २००९ मध्यें ५५४५ क्रमांकाचें नवें पत्रक आलें. हीं पत्रकें कोणीहि विनामूल्य वाचूं शकतो.

आयकॅलेंडरची फाइल उघडून पाहिली तर तींत गूढ असें कांहीं नाहीं. साध्या अक्षरांच्या ओळी असतात. एका ओळींत कार्यक्रमाचें नांव, एकींत आरंभाची वेळ, एकींत शेवटाची, एकींत स्थळ. देवनागरी अक्षरेंहि तींत बिनदिक्कत बसतात. वेळ लिहितांना प्रथम सालाचे चार आंकडे, मग महिन्याचे दोन, मग दिवसाचे दोन, आणि त्यानंतर तास, मिनिटें व सेकंद, असा क्रम ठरलेला आहे. त्यामुळें तीन-चार म्हणजे तीन एप्रिल कीं चार मार्च, हा जो घोटाळा इंग्लंड व अमेरिका यांच्या पत्रव्यवहारांत नेहमीं होतो, त्यास येथें जागाच राहत नाहीं.

प्रत्येक कार्यक्रमास एक खूणनांव असतें. तें जगांतील दुसऱ्या कोणत्याहि कार्यक्रमास नसावें असा नियम आहे. सोमवारचें व्याख्यान मंगळवारीं गेलें तरी खूणनांव तेंच राहतें, आणि सोबतचा अनुक्रमांक तेवढा वाढतो. खूणनांव पाहून घेणारें यंत्र ओळखतें कीं हें नवें व्याख्यान नव्हे, जुन्याचीच वेळ बदलली आहे. आणि अनुक्रमांक पाहून ओळखतें कीं दोन सूचनांपैकीं ताजी कोणती. आमच्या सूचनाफलकावर एकाच सभेच्या तीन तीन चिठ्ठ्या एकमेकींशेजारीं डकविलेल्या आम्हीं पुष्कळदां पाहिल्या आहेत, आणि शेवटली कोणती हें डिंकाच्या ओलेपणावरून ठरविलें आहे!

दर सोमवारीं व बुधवारीं, एप्रिल अखेरपर्यंत, असा तास असेल तर तो साठ वेळां लिहावा लागत नाहीं. पुनरावृत्तीची एक ओळ पुरते, आणि मध्यें सुटी आली तर तेवढा दिवस वगळल्याची ओळ निराळी घालतात. एक बारकावा मात्र शिक्षकांनीं लक्षांत ठेवावा. संपूर्ण दिवसाच्या कार्यक्रमाचा शेवट म्हणून शेवटच्या दिवसाच्या पुढचा दिवस लिहावयाचा असतो. १० मार्चपासून १२ मार्चपर्यंत परीक्षा असेल तर फाइलींत शेवट १३ मार्च असा दिसतो. हें ठाऊक नसलेला एखादा उत्साही मनुष्य चूक दिसली म्हणून ती हातानें दुरुस्त करावयास जातो, आणि परीक्षेचा एक दिवस कापून टाकितो.

प्रमाणाची खरी कसोटी लागते ती घड्याळाशीं. एक वेळ सर्वांनीं मानावी ही कल्पना गळीं उतरणें किती कठीण, हें मुंबईकरांस सांगावयास नको. १ जानेवारी १९०६ पासून सरकारनें भारतीय प्रमाण वेळ सुरू केली, आणि मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटें मागें होती. शहरांत मोठा विरोध झाला. सरकारी घड्याळ एक आणि म्युनिसिपालिटीचें दुसरें, हा प्रकार विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालला. अमेरिकेंतील अडचण निराळी आहे. तेथें उन्हाळ्यांत घड्याळें एक तास पुढें करितात, आणि केव्हां करावयाचीं हें कायदेमंडळ ठरवितें. २००५ सालच्या कायद्यानें या उन्हाळी वेळेचा काळ वाढविला व तो नियम २००७ पासून अमलांत आला. पूर्वीं एप्रिलच्या पहिल्या रविवारीं पुढें होणारें घड्याळ आतां मार्चच्या दुसऱ्या रविवारीं, म्हणजे त्या वर्षीं ११ मार्चला, पुढें झालें. ज्या यंत्रांत जुना नियम पक्का बसविलेला होता, त्यांत १ एप्रिलपर्यंतचे तीन आठवडे सभा आणि तास एका तासानें चुकण्याचा धोका उत्पन्न झाला.

आयकॅलेंडरची रीति अशी आहे कीं, ‘सकाळीं दहा, न्यूयॉर्कच्या घड्याळानें’ असें लिहावें आणि न्यूयॉर्कचें घड्याळ केव्हां कसें फिरतें याचा नियम वेगळा ठेवावा. नियम बदलला तर तेवढा नियम बदलतात. तासांच्या नोंदींस हात लावावा लागत नाहीं. न्यूयॉर्कच्या वर्गास पुण्याहून हजर राहणाऱ्या विद्यार्थिनीस हाच तास हिंवाळ्यांत रात्रीं साडेआठला आणि उन्हाळ्यांत सायंकाळीं साडेसातला येतो. तिचें कॅलेंडर प्रमाणास धरून असेल तर तिला हा हिशेब करावा लागत नाहीं.

परंतु हे घड्याळांचे नियम ठेवितो कोण? १९८० नंतरच्या दशकांत आर्थर डेव्हिड ओल्सन या अमेरिकन गृहस्थानें जगांतील सर्व टाइम झोनांचा एक कोश जमविण्यास आरंभ केला. पुढें पॉल एगर्ट यांनीं तें काम चालविलें. पृथ्वीवरील असंख्य संगणक आणि फोन आपलें घड्याळ याच कोशावरून ठरवितात, आणि तो कोणाच्याहि मालकीचा नाहीं. सप्टेंबर २०११ च्या अखेरीस मात्र ज्योतिषविषयक सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीनें या दोघांवर फिर्याद केली, कीं कोशांतील जुन्या काळची माहिती आमच्या प्रकाशनांतून घेतली आहे. कोश ज्या जागीं ठेविला होता तेथून तो तात्काळ बंद झाला. अमुक सालीं अमुक शहराचें घड्याळ अमुक होतें, या घडून गेलेल्या गोष्टीवर कोणाची मालकी असूं शकते काय, असा प्रश्न कोणाच्याहि मनांत येईल. सुदैवानें ऑक्टोबर महिन्यांत इंटरनेटचे क्रमांक व नांवें सांभाळणाऱ्या आयाना या संस्थेनें कोश आपल्या पदरीं घेतला, आणि फेब्रुवारी २०१२ मध्यें फिर्याद मागें घेण्यांत आली. कोशाच्या प्रती आधींच ठिकठिकाणीं असल्यामुळें जगाचीं घड्याळें बंद पडलीं नाहींत. या गोष्टीचा आम्हांस फार विस्मय वाटतो: दोन माणसांवर एक समन्स, आणि सगळ्या जगाच्या वेळापत्रकास क्षणभर कांपरें!

आतांपर्यंत सांगितलें तें चिठ्ठींतील मजकुराविषयीं झालें. ती चिठ्ठी नेण्याआणण्याचे नियम निराळे आहेत. त्यांचें नांव कॅलडाव्ह. तें प्रमाण मार्च २००७ मध्यें ४७९१ क्रमांकाच्या पत्रकानें निघालें. त्यांत प्रत्येक कार्यक्रम सर्व्हरवर एक स्वतंत्र फाइल म्हणून राहतो, आणि फोन असो कीं कचेरींतील संगणक, तो आपणांस हव्या तेवढ्या काळाच्या नोंदी मागून घेतो. दोघांनीं एकाच वेळीं एकच नोंद दुरुस्त करावयास घेतली, तर मागाहून येणाऱ्यास सर्व्हर सांगतो कीं तुमच्या हातची प्रत जुनी झाली, नवी घेऊन या. एखादा प्राध्यापक केव्हां मोकळा आहे हेंहि विचारितां येतें. उत्तरांत ‘दोन ते तीन गुंतलेले’ एवढेंच कळतें. ते दंतवैद्याकडे गेले आहेत कीं कुलगुरूंकडे, हें कळत नाहीं.

आतां बीडवर्ककडे वळूं. सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत प्रथम एक कॅलेंडर तयार झालें होतें. त्यावरून न्यूयॉर्क राज्यांतील ट्रॉय गांवच्या रेन्सेलेअर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटनें, म्हणजे १८२४ सालीं स्थापन झालेल्या एका जुन्या शिल्पविद्यालयानें, बीडवर्क उभारिलें. पुढें विद्यापीठांच्या मुक्तस्रोत कामांसाठीं असलेल्या जासिग या संस्थेनें त्यास आश्रय दिला. २०१२ सालीं जासिग आणि साकाई फाउंडेशन या दोन संस्था एक होऊन अपेरिओ फाउंडेशन झालें, त्याबरोबर बीडवर्कहि तिकडे आलें. ड्यूक आणि येल यांसारख्या विद्यापीठांनीं तें वापरलें.

त्याची रचना विद्यापीठाच्या संवयी ओळखून केलेली आहे. कार्यक्रमाची नोंद एकदांच होते. शाखेंतला कोणीहि मनुष्य कार्यक्रम सुचवूं शकतो. तो थेट प्रसिद्ध होत नाहीं, अधिकार असलेला संपादक पाहून मान्य करितो. मग तीच नोंद संगीत शाखेच्या पानावर, विद्यापीठाच्या मुख्य पानावर आणि ज्या विद्यार्थ्यानें ती मागविली असेल त्याच्या फोनवर, अशी ठिकठिकाणीं दिसते. वेळ बदलली तर एकाच जागीं बदलावी. आम्हांस यांतील संपादकाची योजना विशेष आवडली. तारखा आपोआप जुळतील अशी आशा दाखविणारीं सॉफ्टवेअरें पुष्कळ आहेत. येथें मात्र कोणी तरी माणसानें वाचून पाहिलें पाहिजे हें गृहीत धरिलें आहे.

प्रमाण कागदावर एक आणि व्यवहारांत दुसरें, असेंहि होतें. दोन सॉफ्टवेअरें एकच पत्रक वाचून त्याचे दोन अर्थ करितात. म्हणून २००४ सालीं कॅलकनेक्ट नांवाचें एक मंडळ स्थापन झालें. त्यांत कंपन्या आणि विद्यापीठें दोन्ही होतीं, आणि त्यांच्या बैठकींत कर्ते मंडळी आपापलीं सॉफ्टवेअरें आणून एकमेकांशीं लावून पाहत. व्हिटबीचीच ही नवी आवृत्ति म्हणावी.

मुक्तस्रोत म्हणजे फुकट, अशी एक समजूत आहे, तिनें पुष्कळ संस्था फसल्या आहेत. परवान्याचे पैसे पडत नाहींत हें खरें. पण सर्व्हर पाहिजे, तो रात्रीं बंद पडला तर उठविणारा पाहिजे, नव्या आवृत्त्या चढविणारा पाहिजे. ज्या विद्यापीठांत असा जाणता मनुष्य पगारावर नाहीं, त्यानें मुक्तस्रोत सर्व्हर स्वतः चालविण्याच्या भरीस पडूं नये. एखाद्या कंपनीची सेवा घ्यावी, परंतु ती कॅलडाव्ह समजते काय आणि सर्व नोंदी आयकॅलेंडरच्या रूपांत परत देते काय, हें करारावर सही करण्यापूर्वीं पाहावें. मुक्तस्रोत असूनहि सॉफ्टवेअर चिरकाल टिकतें असें नाहीं. अ‍ॅपल कंपनीनें २००६ सालीं आपल्या कॅलेंडर सर्व्हरचा मूळ लेख खुला केला. तो पुष्कळ ठिकाणीं वापरांत होता. २०१८ सालीं कंपनीनें आपल्या सर्व्हरांतून ही सेवा काढण्याचें जाहीर केलें, आणि २०२२ मध्यें तो सर्व्हरच बंद केला. ज्यांनीं तो वापरिला होता त्यांस दुसरें घर शोधावें लागलें. पण त्यांच्या तारखा आयकॅलेंडरमध्यें होत्या, म्हणून त्या उचलून दुसऱ्या कॅलडाव्ह सर्व्हरवर नेतां आल्या. सॉफ्टवेअर गेलें, तारखा राहिल्या.

आमच्या शाळेचा अनुभव याच्या उलट आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं वेळापत्रकाचें एक विकत मिळणारें सॉफ्टवेअर घेतलें होतें. तें दिसण्यांत सुबक होतें, आणि घेण्याची शिफारस आम्हींच केली होती, हें येथें कबूल केलें पाहिजे. विकणाऱ्या मंडळीचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. त्यांनीं धंदा बंद केला. सहा वर्षांच्या परीक्षा, पालकसभा व सहली यांच्या तारखा ज्या फाइलींत होत्या ती दुसऱ्या कोणत्याहि सॉफ्टवेअरनें उघडेना. त्याच सुमारास आमची एक जुनी विद्यार्थिनी परदेशीं प्रवेशाकरितां अर्ज करीत होती, व तिला येथील एका परीक्षेचा नेमका दिवस दाखल्यांत लिहून पाहिजे होता. मुदतीस चार दिवस उरले होते. आम्हीं दोन दिवस त्या फाइलीशीं झटापट केली. शेवटीं कचेरींतील शिपाईमामा म्हणाले, “सर, जुन्या नोटिसा मीं टाकल्या नाहींत, माळ्यावर आहेत.” धूळ झाडून गठ्ठा काढिला, त्यांत परीक्षेची छापील नोटीस निघाली, आणि मुलीचा दाखला वेळेवर गेला. सहा वर्षांपूर्वींचा कागद वाचतां आला आणि संगणकांतली नोंद वाचतां आली नाहीं, याची आम्हांस आजहि लाज वाटते.

तेव्हांपासून शाळेच्या सर्व तारखा आम्ही आयकॅलेंडरच्या फाइलींत ठेवितों. बीडवर्कसारखें मोठें साधन आमच्याएवढ्या शाळेस लागत नाहीं. एक लहान मुक्तस्रोत सर्व्हर पुरतो, आणि संगणकाचे शिक्षक तो सांभाळितात. दर सत्राच्या अखेरीस फाइलीची एक प्रत निराळ्या जागीं ठेवितात आणि एक छापून शिपाईमामांच्या स्वाधीन करितात.

या व्यवस्थेंत एक काम मात्र अद्याप हातानेंच करावें लागतें. नाताळ दर वर्षीं २५ डिसेंबरला, हें पुनरावृत्तीच्या एका ओळींत सांगतां येतें. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार असली गोष्टहि सांगतां येते. पण ईस्टर त्या ओळींत मावत नाहीं, कारण तो सूर्य व चंद्र या दोहोंच्या हिशेबानें ठरतो आणि प्रमाणांत त्याकरितां नियमच नाहीं. गुढीपाडवा व दिवाळी यांच्या तिथींचीहि तीच गोष्ट. मे २०१५ मध्यें निघालेल्या ७५२९ क्रमांकाच्या पत्रकानें इतर कालगणनांच्या महिन्यांप्रमाणें पुनरावृत्ति लिहिण्याची सोय झाली, तरी तेवढ्यानें ईस्टर किंवा आपली तिथि निघत नाहीं. म्हणून बीडचें नांव धारण करणाऱ्या सॉफ्टवेअरांतहि, ज्या सणासाठीं बीडनें एवढी गणितें केलीं, त्याच्या तारखा एकेक करून घालाव्या लागतात: २०२६ सालीं ५ एप्रिल, २०२७ सालीं २८ मार्च, २०२८ सालीं १६ एप्रिल. आमच्या फाइलींत पुढील दहा वर्षांच्या तारखा नववीच्या दोन मुलांनीं घातल्या आहेत, आणि संपादक या नात्यानें आम्हीं त्या तपासल्या आहेत. त्यांत एक चुकलेली निघाली.